‘अनइव्हेंटफुल’ म्हणजे काय, डॉक्टरसाहेब?

प्रति,
तोंडाच्या, घशाच्या, मानेच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणारे महाराष्ट्रातले सर्व सर्जन, भूलतज्ज्ञ आणि कुणावर कोणता उपचार करायचा हे मिळून ठरवणाऱ्या ट्यूमर बोर्डावर बसणारी मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या राउंडला फायलींची ट्रॉली घेऊन मागं उभ्या राहणाऱ्या सिस्टर असतात, त्यांतली मी एक. 31 वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची 12 याच वॉर्डात. राउंडला विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, म्हणून तेव्हा बोलले नाही. खरं तर तेव्हा मला गोष्ट अर्धीच ठाऊक होती. डिस्चार्ज कार्ड नातेवाइकांच्या हातात दिलं की आम्ही चादर बदलायचो आणि त्या कॉटवर पुढचा पेशंट यायचा. उरलेली अर्धी गोष्ट निवृत्तीनंतर कळली, माझी आत्याच पेशंट झाली तेव्हा.

आत्या कराडकडच्या खेड्यातली, वय 76. लग्न होऊन आली तेव्हापासून मिश्री. तव्यावर तंबाखू भाजून घरीच करायची. सकाळी एकदा, दुपारची भांडी झाली की एकदा, आणि निजताना चिमूटभर दाढेच्या कडेला ठेवूनच. डाव्या गालफडात, खालच्या हिरडीला लागून जखम झाली. आधी हळद-तूप, मग गावचा डॉक्टर, मग दात काढून झाला, मग बायोप्सी. वॉर्डात मी हा क्रम शेकडो वेळा ऐकला होता. घरात घडताना मात्र मीही दोन महिने ‘दाढ असेल’ म्हणत बसले, हे कबूल करते.

पहिल्या रुग्णालयात तिचं तोंड बघायच्या आधी केसपेपर बघितला गेला. “76 ना? कशाला आता कापाकापी. जमेल तसं खाऊ घाला.” ही बाई त्या महिन्यातही रोज मळ्यापर्यंत चालत जात होती, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. दुसऱ्या रुग्णालयात ऑपरेशन ठरलं. गालाचा आतला भाग, खालच्या जबड्याचा तुकडा, मानेतल्या गाठी, आणि छातीवरचं मांस वळवून गालाला फ्लॅप. ऑपरेशन उत्तम झालं. काढलेल्या भागाच्या कडा (मार्जिन) निर्मळ आल्या, म्हणजे तिथं कॅन्सर नव्हता; फ्लॅप जगला. अकराव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. कार्डावर लिहिलं होतं: पोस्ट-ऑप कोर्स अनइव्हेंटफुल. म्हणजे ऑपरेशननंतर विशेष काही घडलं नाही.

हा शब्द मी नोकरीत हजारदा वाचला असेल. त्या दिवशी एसटी स्टँडवरच्या बाकावर बसून पहिल्यांदा नीट वाचला.

कारण त्या 11 दिवसांत मी तिच्या उशाशी होते. तिसऱ्या रात्री आत्या गोठ्यात होती. बैल सुटला होता आणि तिला दावं सापडत नव्हतं. दावं म्हणून तिनं नाकातली नळी ओढून काढली. मग तिचे दोन्ही हात गॉजच्या पट्टीनं कॉटला बांधले. गळ्यात ट्रेकी, म्हणजे श्वासासाठी भोक पाडून बसवलेली नळी, त्यामुळं आवाज नाही. अशा पेशंटला आपण पाटी-पेन्सिल देतो. आत्याला लिहिता येत नव्हतं. चष्मा ‘हरवू नये’ म्हणून पिशवीत ठेवलेला. म्हणजे दिसत नाही, बोलता येत नाही, लिहिता येत नाही आणि हात बांधलेले. पाचव्या दिवशी ताप चढला, छातीत कफ भरला, अँटिबायोटिक बदललं. सहाव्या दिवशी ती कुणाकडं बघेना. आठव्या दिवशी भान आलं.

यातलं काहीच कार्डावर नाही, आणि तुमच्या हिशेबानं ते बरोबरही आहे. रक्तस्राव झाला नाही, फ्लॅप काळा पडला नाही, पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं नाही. सर्जनच्या दृष्टीनं खरंच काही घडलं नाही. हा दोष कुणा एका डॉक्टरचा म्हणून मी लिहीत नाही. मी स्वतः ड्यूटीवर किती म्हाताऱ्यांचे हात बांधले, त्याची नोंद माझ्याकडंही नाही.

आता मुद्द्यावर येते. म्हाताऱ्या माणसाचं मोठं ऑपरेशन करावं की नाही, हे आपल्याकडं अजून बहुतेक वेळा केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर ठरतं. केलं तर ते कसं झालं, हे वॉर्डातून बाहेर पडेपर्यंतच्या दिवसांवर ठरतं. आधीचं मोजमापही अपुरं आणि नंतरचंही.

वॉर्डातले दोघं आठवतात. एक 83 वर्षांचे आजोबा, तरुणपणी तालमीत घुमलेले, जिभेचं ऑपरेशन. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथेटरची पिशवी हातात धरून व्हरांड्यात फिरत होते. वॉर्डबॉय मामा त्यांना ‘पैलवान, बसा’ म्हणत मागं मागं. दुसरे 64 वर्षांचे, एका गिरणीतून निवृत्त. त्यांचा केसपेपर बघून कुणाच्या कपाळाला आठी पडली नसती. पण चाळीस वर्षांची बिडी, जिना चढताना दोनदा थांबायचे, पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढं नवं भोक पाडून बांधलेला. ऑपरेशननंतर ते व्हेंटिलेटरवरून उतरलेच नाहीत. दोघांचे ‘फिटनेस’चे कागद मीच फायलीला लावले होते. ईसीजी, टू-डी एको, एक्स-रे, रक्त, सगळं दोघांचंही होतं. पट्ट्याचं नवं भोक कुठल्याच रकान्यात नव्हतं.

हे तुम्हाला मी काय सांगावं? तुमच्याच नियतकालिकांत हे वर्षानुवर्षं येतंय. वृद्धांमध्येही फ्लॅप जवळपास तरुणांइतकेच जगतात. जखमेच्या जागेच्या गुंतागुंती वयामुळं फारशा वाढत नाहीत. वाढतात त्या बाकीच्या: न्यूमोनिया, हृदयाचे त्रास, रात्रीची भ्रमिष्टावस्था, घरी जायला लागणारा उशीर. आणि त्या कुणाला होतील हे जन्मतारखेपेक्षा सोबतचे आजार, पोषण आणि एकंदर ताकद यांवरून जास्त कळतं. ‘फ्रेल्टी’ म्हणतात तुमच्यात. आमच्या गावात ‘अंगात बळ नाही’ म्हणतात. अर्थ तोच.

ते मोजायला मशीनही लागत नाही. जी-8 नावाची प्रश्नावली आहे. आठ प्रश्न, 17 गुण. जेवण कमी झालं का, वजन उतरलं का, घराबाहेर पडता का, स्मरण-मन ठीक आहे का, उंचीच्या मानानं वजन किती, तीनपेक्षा जास्त औषधं चालू आहेत का, तुमच्या वयाच्या इतरांच्या मानानं तब्येत कशी वाटते, आणि वय. 14 किंवा त्याखाली गुण आले तर वृद्धांची सविस्तर तपासणी करायची. पाच मिनिटांचं काम, आणि ते डॉक्टरांनीच करावं असंही नाही, ओपीडीतली सिस्टर करू शकते. एक अडचण मात्र आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये खाणं आणि वजन आजारामुळंच घटलेलं असतं, त्यामुळं आपले पुष्कळ पेशंट 14 च्या खालीच येतील. येऊ देत. ते खाली का आले हे तरी कुणी बघेल. सोबत दुसरी एक चाचणी: खुर्चीतून उठून 3 मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि घड्याळ लावायचं. ओपीडीच्या बोळातसुद्धा होते. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये 2018 पासून वृद्ध कॅन्सर रुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. सगळ्या राज्यातल्या म्हाताऱ्यांनी त्यासाठी परळला जायचं का, एवढंच विचारते.

आत्याच्या बाबतीत यातून काय निघालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. तिच्या पायात बळ होतं, पोटात नव्हतं. चार महिन्यांत 49 किलोवरून 42 वर आली होती. सहा महिन्यांत दहा टक्क्यांवर वजन गेलं तर ते गंभीर धरतात. तिचं चौदा टक्के गेलं होतं. 2017 मध्ये डोक्या-मानेच्या मोठ्या ऑपरेशनांनंतर लवकर बरं होण्यासाठीच्या ज्या आंतरराष्ट्रीय शिफारशी आल्या, त्यांत अशा पेशंटला आधी नीट पोषण द्या असं म्हटलंय. तुम्ही म्हणाल, कॅन्सर थांबतो का तेवढा? पण ऑपरेशनची तारीख मिळायलाच आम्हाला तीन आठवडे लागले होते. त्या तीन आठवड्यांत ती घरी चहात बुडवून बिस्किट खात होती, कारण भाकरी चावता येत नव्हती आणि दुसरं काही द्यायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच दिवसांत अंडं, दूध, डाळीचं घट्ट पाणी, नाचणीची आंबील, फुगा फुगवायचा किंवा तीन गोळ्यांच्या त्या खेळण्यात श्वास ओढायचा सराव, इतकं झालं असतं. मिश्रीही सुटली असती. ती ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपर्यंत चालू होती. तीही माझ्या नाकाखाली.

रात्रीच्या भ्रमाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण राउंड सकाळी असतो आणि हा प्रकार रात्री दोनला होतो, त्यामुळं तो तुम्हाला दिसत नाही. म्हातारं माणूस, लांबलेली भूल, अनोळखी खोली, रात्रभर दिवे, दर तासाला फ्लॅप बघायला येणारं कुणीतरी, आणि वर झोपेची सुई. झोपेच्या त्या औषधांनी भ्रम पुष्कळदा वाढतो हे तुम्हीच आम्हाला शिकवलं, पण रात्री फोनवर ऑर्डर तीच मिळते. उपाय फार साधे आहेत. चष्मा डोळ्यावर हवा, कानाचं मशीन कानात हवं, कवळी बसत नसेल तर निदान ती कुठं आहे हे पेशंटला माहीत हवं. भिंतीवर घड्याळ हवं. आणि ओळखीचं एक माणूस रात्री जवळ बसू द्यावं. पासचा नियम मला पाठ आहे, मीच वर्षानुवर्षं नातेवाइकांना आठ वाजता बाहेर काढलंय. पण सत्तरीपुढच्या पेशंटसाठी त्या नियमाला अपवाद करता येतो, आणि तसं केलं तर एका सिस्टरमागं चौदा पेशंट असलेल्या वॉर्डात ते आमच्याही सोयीचंच ठरतं. लिहिता न येणाऱ्यांसाठी पाटीऐवजी चित्रांचा तक्ता ठेवा: पाणी, दुखतंय, लघवी, कफ काढा, मुलाला बोलवा. खर्च शून्य.

मग घर.

अकराव्या दिवशी नाकात नळी घेऊन ती घरी आली. आतेभावाची बायको दर दोन तासांनी मिक्सरमधून पातळ केलेलं, गाळलेलं, सिरिंजनं भरायची. तिची शेतावरची मजुरी तेवढे महिने बुडाली. सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं, त्याबद्दल खरोखर कृतज्ञ आहे. आता तर ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मानमध्ये 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण सुनेची मजुरी कुठल्या पॅकेजात बसणार?

त्यात ऑपरेशननंतरचा शेक, म्हणजे रेडिएशन. आठवड्याला पाच असे 30, म्हणजे सहा आठवडे, आणि ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. म्हाताऱ्यांच्या बाबतीत खरी गळती इथं होते. जखम उशिरा भरते, अशक्तपणा असतो, मुलाची रजा संपते. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी 2022 पासून फुकट आहे, पण तिला धरून चढवणाऱ्याला तिकीट पडतं, आणि गावाहून रोज तेवढा प्रवास झेपणारा नव्हता. रुग्णालयाजवळ खोली घ्यावी लागली. आत्यानं 30 पैकी 23 घेतले आणि म्हणाली, आता पुरे. तोंड आतून सोलल्यासारखं झालं होतं. ऑपरेशन ठरवताना ‘ही पुढचे 30 शेक घेऊ शकेल का’ हा प्रश्न बोर्डावर यायला हवा होता. अर्धवट शेक म्हणजे एवढ्या मोठ्या ऑपरेशनच्या फायद्यातूनच वजाबाकी.

वयाला काहीच अर्थ नाही असं मात्र मी म्हणत नाही. शेकासोबत केमो देण्याचा फायदा तपासायला 93 चाचण्यांतल्या 17,346 रुग्णांची माहिती एकत्र केली गेली, 2009 मध्ये आली ती. त्यात वय वाढेल तसा केमोचा फायदा घटत गेला आणि सत्तरीपुढं दिसेनासा झाला. तिथं वयाचं ऐकायलाच हवं. आणि काही जणांना ऑपरेशन न करणं हेच शहाणपण असतं, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. फक्त ‘नाही’ म्हणताना हात झटकू नका. ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडं गेलाय त्यांच्यासाठी आपल्याच टाटा मेमोरियलमधून 2020 मध्ये अभ्यास आला: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब, तोंडानं किंवा नळीतून घेण्याच्या स्वस्त गोळ्या. सिस्प्लॅटिन या केमोच्या सुईवर रुग्ण मध्यमानानं 6.1 महिने जगले, या गोळ्यांवर 7.5, आणि त्रासही कमी. दुखणं आटोक्यात ठेवणारं मॉर्फिन, जखमेचा वास घालवायला मेट्रोनिडॅझोलची पूड, घरी येऊन बघणारं कुणी. ‘जमेल तसं खाऊ घाला’ यापेक्षा हे पुष्कळ आहे.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती घरोघरी होते आणि तुम्ही तिला संमती देता. आत्याला कॅन्सर आहे हे आम्ही तिला सांगितलं नाही. ‘दाढेची गाठ काढायचीय’ म्हणालो. मीच आतेभावाला म्हणाले, कशाला हाय खायला लावायची. संमतीपत्रावर तिचा अंगठा घेतला, पण बोलणं सगळं मुलाशी झालं. जबडा जाणार, चेहरा बदलणार, गळ्यातून श्वास, नाकातून जेवण, यातलं तिला एक अक्षर माहीत नव्हतं.

हा प्रकार आपलाच आहे असंही नाही. 1923 मध्ये व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइडला सिगारींनी टाळूचा-जबड्याचा कॅन्सर झाला, तेव्हा तो सदुसष्टीत होता. माणसाच्या मनाचा अभ्यास करणारा एवढा मोठा डॉक्टर, पण त्याच्या डॉक्टर मित्रानं आणि जवळच्यांनी त्याच्यापासूनच ते लपवलं. पुढं कळल्यावर तो भडकला, तुम्हाला हक्क कुणी दिला म्हणून. 1923 च्याच शरद ऋतूत त्याच्या वरच्या जबड्याचा मोठा भाग काढला होता. तोंडात बसवलेल्या कृत्रिम टाळूला तो राक्षस म्हणायचा. तीसहून जास्त लहानमोठी ऑपरेशनं सोसत तो 83 वर्षांचा होऊन 1939 मध्ये गेला. सोळा वर्षं. बोलायला त्रास, खायला त्रास, आणि तरी शेवटच्या वर्षापर्यंत काम चालू. त्या सोळा वर्षांना चांगला निकाल म्हणायचं की वाईट, हे त्याच्याशिवाय कोण ठरवणार?

आत्याला सगळं नंतर हळूहळू कळत गेलं. चौथ्या महिन्यात नळी निघाली. पातळ भात, शिरा, कालवलेली मऊ भाकरी खायला लागली, पण डाव्या ओठातून गळायचं म्हणून भिंतीकडं तोंड करून, एकटी. पंगतीला पुन्हा बसली नाही. नातीच्या लग्नात मांडवात आली, अक्षता टाकल्या, जेवणाआधी घरी गेली. पण मळ्यात जायची. शेळ्या बघायची. सुनेशी भांडायची, आणि ते भांडण शेजारच्यांना नीट कळायचं, म्हणजे बोलणं तेवढं परत आलं होतं. अडीच वर्षं जगली. गेली ती हृदयाच्या झटक्यानं; तोंडातला आजार परत आला नव्हता.

एकदा तिला विचारलं, ऑपरेशन केलं ते चुकलं का गं आमचं? शेळीला पाला टाकत होती. म्हणाली, “मला इचारलं असतं तर म्या न्हाई म्हटलं नसतं. पर हात बांधत्यात, हे कुनी सांगितलं न्हाई.”

म्हणजे उत्तर ‘हो’च होतं. पहिल्या रुग्णालयानं तिला न विचारता तिच्या वतीनं ‘नाही’ म्हटलं, आणि आम्ही न विचारता ‘हो’ म्हटलं.

तुमच्याकडं मागणं असं. सत्तरीपुढच्या पेशंटचा केसपेपर बोर्डावर येईल तेव्हा वयाच्या खाली त्याचं गेल्या सहा महिन्यांतलं वजन, ते 3 मीटर चालणं आणि घरी करणारं कोण आहे हे लिहिलेलं असावं. निर्णयाआधी एकदा नातेवाइकांना बाहेर बसवून त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलावं. मार्जिन आणि फ्लॅप या शब्दांत नको. भाकरी खाता येईल का, फोनवर बोललेलं समोरच्याला कळेल का, किती महिने दुसऱ्याच्या हातून जेवायचं, रात्री घाबरल्यासारखं होऊ शकतं, असं. ‘मला नको’ म्हणाला तर तेही लिहून घ्यावं.

आणि निकाल मोजायचा तर 30 दिवसांवर थांबू नका. म्हातारी माणसं त्यानंतरही खचतात आणि जातात. 90 दिवसांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं एक फोन करावा. नळी निघाली का? शेक पूर्ण झाले का? काय खाता? कुठं राहता, स्वतःच्या घरी की लेकीकडं? देवळात, बाजारात जाता का? तुमच्याकडं वर्षाला किती मोठी ऑपरेशनं झाली याचे आकडे परिषदेत पडद्यावर दिसतात. या चार ओळी त्याच पडद्यावर दिसल्या, तर पुढच्या 76 वर्षांच्या बाईला तुम्ही खरं काही सांगू शकाल: तुमच्यासारख्या इतक्या जणींपैकी इतक्या सहा महिन्यांनी तोंडानं जेवत होत्या. आज हे सांगता येत नाही, म्हणून तर एक जण ‘वय झालं’ म्हणतो आणि दुसरा ‘दाढेची गाठ’.

फोन करायला तुम्हाला वेळ नाही, मला माहीत आहे. सिस्टरला सांगा.

आत्याचं डिस्चार्ज कार्ड माझ्याकडं आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी त्या 11 दिवसांचं तारीखवार लिहून ठेवलंय, ड्यूटीवर रिपोर्ट लिहायचे तसं. कुणाच्या वॉर्डातल्या बैठकीत वाचायचं असेल तर झेरॉक्स पाठवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
सातारा जिल्हा